आग विझल्यानंतरची दोन वर्षं

मी सोलापूरच्या बंबखान्यात फायरमन आहे. गाव वळसंग. सातवी झाल्यावर शहरात आलो, दोन वर्षं मिलमध्ये बदली कामगार म्हणून काढली आणि मग बंबावर लागलो. अंगावर भाजल्याच्या तीन-चार खुणा आहेत, त्या दाखवायला मला कधी लाज वाटली नाही. पण ज्या आजारानं मला दोन वर्षं पोखरलं त्याची अंगावर एकही खूण नाही. तो आजार आहे हेच मला वर्षभर कळलं नव्हतं. पोलिसात, पलटणीत, बंबावर काम केलेल्या कुणाच्या घरी असं काही चाललं असेल तर त्यांनी हे वाचावं. बायकांनी आधी वाचावं. आमच्या घरात ते बायकोलाच आधी कळलं होतं.

गोदाम

एप्रिलमधली दुपार. पूर्व भागातल्या एका सुताच्या गोदामाला आग लागल्याची वर्दी आली. आम्ही पोहोचलो तेव्हा पत्र्यांच्या फटींतून पिवळा धूर निघत होता आणि बाहेर जमलेले लोक सांगत होते की राखणदार आत झोपलाय. मी आणि राजाराम पाइप घेऊन आत शिरलो. राजाराम माझ्याहून चार वर्षांनी मोठा, माझ्याच पाळीतला. बाहेर बंबावर पंप चालवायला गफूरभाई होते. तोंडाला लावायचे मुखवटे आमच्याकडे नव्हते, नाकाला ओला टॉवेल बांधायचा एवढंच.

सूत जळतं तेव्हा ज्वाळा कमी आणि धूर जास्त. दहा पावलांवर मला माझा हात दिसेना. छातीत हवा जाईना. मी वळलो आणि पाइप चाचपत बाहेर आलो. गफूरभाईंजवळ पोहोचतो न पोहोचतो तोच आत तुळया बसल्या आणि त्यांच्यावर पत्रे आले. राजाराम आत राहिला.

राखणदार घरी जेवायला गेला होता. अर्ध्या तासानं तो गर्दीतून वाट काढत आला आणि आपल्याला शोधायला कुणी आत गेलं होतं हे ऐकून मटकन खाली बसला.

चौकशीत बंबखान्याच्या साहेबांनी विचारलं, "तू बाहेर का आलास?"

"प्रेशर कमी पडलं साहेब. ते सांगायला आलो."

हे खोटं होतं. प्रेशर बरोबर होतं. मी भ्यालो होतो. पण तोंडातून ते वाक्य इतकं सहज निघालं की ऐकताना मलाच ते खरं वाटलं. साहेबांनी लिहून घेतलं, मी खाली सही केली. गफूरभाईंना पंपावरून काढून वर्कशॉपला पाठवलं. पाळीतली माणसं त्यांच्याबरोबर चहा घेईनात. आणि मला वॉर्डातल्या लोकांनी सभा भरवून शाल आणि नारळ दिला. राजारामच्या फोटोला हार घातला होता, त्याच्या शेजारी मला उभं केलं. टाळ्या वाजल्या तेव्हा मी शाल-नारळ तिथंच ठेवून निघून आलो. लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखानं.

कढई

सोलापुरात दिवसातून कितीदा तरी मिलचे भोंगे होतात. आम्हाला त्यांची इतकी सवय की कुणी मान वर करत नाही. गोदामानंतर पंधरा-वीस दिवसांनी मला भोंगा लागायला लागला. लागायला म्हणजे खरोखर लागायचा, पोटात. हातातलं पडायचं. कपडे ओले व्हायचे. कुणाच्या चुलीवर भाकरी करपली की नाकात सुताचा धूर यायचा आणि मी दार उघडून रस्त्यावर जाऊन उभा राहायचो. डोळा लागला की राजाराम दिसायचा असं लोकांना वाटतं. तो दिसायचाच नाही. नुसता पिवळा धूर दिसायचा आणि त्यात मी कुणाचा तरी हात शोधत असायचो.

मी घरातला स्टोव्ह उचलून भंगारवाल्याला दिला. सहा वर्षांची मुलगी रुक्मिणी दिव्याजवळ गेली तरी ओरडायचो. एकदा तिला दंडाला धरून असं ओढलं की तिचा हात सुजला. बायको सुशीला म्हणायची, "आवो, तुमाला काय हुतंय ते सांगा तरी." मी म्हणायचो, "काय न्हाय." दिवसाला दहादा म्हणायचो.

गोदामाला वर्ष उलटून गेलं होतं. श्रावणातला दिवस होता. तिनं पुऱ्या तळायला घेतल्या होत्या. तेल तापून नुसता धूर निघत होता, पेटलं वगैरे नव्हतं. तेवढ्यात भोंगा झाला. मी न्हाणीतून पाण्यानं भरलेली बादली उचलली आणि कढईवर फेकली.

बंबावर भरती झाल्यावर पहिल्याच दिवशी शिकवतात, तापलेल्या तेलावर पाणी टाकायचं नाही. नव्या माणसांना हे मीच शिकवत होतो.

तेल फुटून वर उडालं. सुशीलाचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली. रुक्मिणी पलीकडं पाटावर बसली होती, ते तिच्या हातभर अलीकडंच पडलं. सुशीला ओरडली नाही. माझ्या हातातली रिकामी बादली तिनं डाव्या हातानं काढून घेतली, खाली ठेवली आणि म्हणाली, "आता दवाखान्यात चला."

बारा नंबरची कॉट

सरकारी दवाखान्यात तिचा हात धुताना डॉक्टरांनी विचारलं, कसं भाजलं. ती म्हणाली, "कढई कलंडली." डॉक्टर वयस्क होते, पूर्वी लष्कराच्या इस्पितळात काम केलेले. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. माझ्या हातांकडं बघत राहिले. तिची पट्टी झाल्यावर त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं.

"झोप किती?"

"लागती."

"किती?"

"तास, दीड तास."

"कुठला आवाज सहन होत नाही?"

हे त्यांना कसं कळलं म्हणून मी घाबरलो. येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवतात हे ऐकून होतो. तिकडं गेलेल्या माणसाच्या मुलीला स्थळ येत नाही हेही ऐकून होतो. मी म्हणालो, "साहेब, मी याडा न्हाई."

"मी तसं म्हटलेलं नाही. पाय मोडलेल्या माणसाला आपण पळायला लावत नाही. तुझं काहीतरी मोडलंय आणि तू वर्दी घालून त्याच्यावर पळतोयस. लढाईवरून आलेल्या माणसांत मी हे पुष्कळ बघितलंय. दहा-बारा दिवस इथं राहा."

एकाहत्तरची लढाई संपून तेव्हा तीन वर्षं होत आली होती. तिचा माझ्याशी काय संबंध, ते मला कळेना.

शेजाऱ्यांनी निरोप धाडला होता; त्याच संध्याकाळी सासरे आणि मेहुणा अक्कलकोटहून आले. सासरे बोलताना कानडीवर गेले की प्रकरण गंभीर आहे हे मला माहीत होतं. ते सुशीलाला नुसतं "साकु, इन्नु साकु," एवढंच म्हणत होते, म्हणजे पुरे, आता पुरे. मेहुण्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "दाजी, ताईला आन पोरीला घेऊन जातो." सुशीलानं मला एकदा विचारलं, "सांगता का काय झालंय ते?" मी म्हणालो, "काय न्हाय." ती गेली.

पुरुषांच्या वॉर्डात मला बारा नंबरची कॉट मिळाली. पहाटे पाचला थर्मामीटर, सातला दूध-पाव, दहाला डॉक्टरांचा फेरा, चारला भेटायला येणारे. मला भेटायला कुणी येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा झाला आणि मी कॉटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसलो. डोळे उघडले तेव्हा शेजारची तेरा नंबरची कॉट रिकामी होती. खाली बघितलं तर तिथला पेशंट कॉटखाली पालथा पडला होता, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्यानं विचारलं, "तुमचं पन का?"

मी म्हणालो, "व्हय."

तो नरसय्या. पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरचा. पलटणीत होता, मांडीत लोखंडाचे तुकडे घेऊन परत आलेला. ती जखम पुन्हा पुन्हा चिघळायची म्हणून दवाखान्यात यायचा. घरचा धंदा पॉवरलूमचा, आणि माग सुरू झाला की त्या खडखडाटानं याला पळून जावं लागायचं. घरात सगळे म्हणायचे, कामचोर झालाय.

वॉर्डच्या सिस्टरनं आमच्यासाठी एक गोष्ट केली. भोंग्याच्या वेळा तिला पाठ होत्या. दोन मिनिटं आधी ती घड्याळ बघायची आणि लांबूनच सांगायची, "बारा, तेरा, आता वाजेल हं." तेवढ्यानं फरक पडायचा. अचानक येणारी गोष्ट सांगून येणारी झाली. सहाव्या दिवशी नरसय्या कॉटखाली गेला नाही. नुसता कॉटवर बसून तेलुगूत आकडे मोजत राहिला.

बंद मागांमध्ये

सुट्टी देताना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "गोळ्यांनी झोप येईल. पुढचं काम तुम्हा दोघांना करायचंय. आठवड्यातून एकदा भेटायचं. जे बघितलं ते एकमेकांना सांगायचं. सल्ला द्यायचा नाही आणि विसरून जा म्हणायचं नाही."

मी बंबखान्यामागच्या कडुलिंबाखाली बसायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, "इथं रडगाणी नकोत. बाकीच्यांचं मन खचतं." म्हणून आम्ही रविवारी सकाळी नरसय्याच्या काकाच्या कारखान्यात बसायला लागलो. रविवारी माग बंद असायचे, आणि माग बंद असले तरच नरसय्याला आत पाऊल टाकता यायचं.

पहिले दोन रविवार आम्ही हवापाण्यावर बोललो. तिसऱ्या रविवारी नरसय्या बोलला. खंदकात तीन दिवस तो एका मेलेल्या सोबत्याशेजारी पडून होता. सोबत्याच्या खिशात बायकोचं पत्र होतं, ते यानं वाचलं होतं, आणि परत आल्यावर तिला भेटायची हिंमत झाली नव्हती. बोलताना तो मागाच्या लाकडावरून सारखा हात फिरवत होता. थांबला तेव्हा आता माझी पाळी होती. मी उठलो, चपला घातल्या आणि घरी निघून आलो.

पुढचे दोन रविवार मी गेलो नाही. दार लावून बसायचो. सुशीलाला जाऊन सव्वा महिना झाला होता. न्हाणीतली बादली बघायला नको म्हणून मी नळावरच आंघोळ करत होतो. त्या दिवसांत एकदा मनात आलं की वळसंगला जावं आणि आमच्या शेतातल्या विहिरीच्या काठावर बसावं. बसावं, एवढंच मनाशी म्हणत होतो. पुढचं काय ते मला माहीत होतं.

त्याच दिवशी नरसय्या लंगडत घरी आला. भोंगा व्हायच्या वेळेला एवढा रस्ता चालून आला हे नंतर माझ्या लक्षात आलं. तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "तुज्याकडं काय हाय ते मला सांगू नको. ज्याला सांगायचं हाय त्याला सांग. पन आज सांग. मी तुला एस्टीत बसवून देतो."

त्यानं मला खरंच अक्कलकोटच्या गाडीत बसवलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

अक्कलकोटला

सुशीला परसात भांडी घासत होती, डाव्या हातानं. उजव्या हाताची कातडी गुलाबी आणि ताणलेली दिसत होती. मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर पुन्हा "काय न्हाय" म्हणालो असतो.

"प्रेशर बरोबर व्हतं. मी भ्यालो. राजारामला म्हनलो, मला जमंना. त्यो म्हनला, जा भाईर, मी हाय की. आन मी आलो. मग खोटं सांगितलं."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मला वाटलं, आता आत जाईल आणि कडी लावेल.

"गफूरभाईंना ठावं हाय?"

"न्हाई."

"त्यांची बायको पाण्याला येती तवा बाया सरकून बसत्यात. तुमाला ठावं हाय का ते?"

मला माहीत नव्हतं.

"भ्यालात ह्याचं मला काय न्हाई," ती म्हणाली. "मानूस भीतंय. तुमी आदी गफूरभाईंना सांगा. मग राजारामभाऊंच्या घरी. साहेबाला बी. आन मग मला न्यायला या. त्याच्या आदी येऊ नका."

तीन दारं

गफूरभाई वर्कशॉपमध्ये पाइपांना ठिगळं लावत होते. वर्षभरात त्यांनाही काहीतरी झालं होतं. हात सतत काहीतरी तपासत असायचे, नळ, वॉल्व्ह, दाराची कडी. मी सांगत होतो तेव्हाही ते एकच नट पुन्हा पुन्हा फिरवून बघत होते.

"मेरे कू मालूम था," ते म्हणाले. "प्रेशर का काटा मेरे आँखों के सामने था. हिल्या बी नै."

"मग तुमी सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं साहेबांना. कागदावर तुझी सही व्हती, माझं कोन ऐकनार? आन नंतर मलाच वाटाय लागलं, काटा बरोबर बघितला का मी? घरी नळ सोडून बघत बसतो. बीवी बोलती, पागल हो गए."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं, जरा जोरातच.

"माफ किया, ऐसा झूट मैं नै बोलूंगा. अभी नै. मगर साहेबाकडं जातो म्हनतोस ना? चल. मी दाराशी उभा राहातो. नाहीतर तू परत पळशील."

साहेबांनी माझा नवा जबाब दोनदा वाचला. "तुला कळतंय का, तुझी नोकरी जाऊ शकते?"

"व्हय साहेब."

"आता का सांगतोस? कुणी विचारत नव्हतं."

गफूरभाई दारातून म्हणाले, "साहेब, वो बीमार है. मैं बी."

निकाल यायला दोन महिने लागले. नोकरी राहिली. माझी लीडिंग फायरमनची पट्टी गेली आणि मला वर्षभर टेलिफोनवर बसवलं. गफूरभाई पंपावर परत आले. पहिल्या दिवशी पाळीतल्या सगळ्यांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यांनी तो घेतला, पण सगळ्यांकडं पाठ करून घेतला.

राजारामच्या घरी मी साहेबांकडून निघाल्यावर त्याच संध्याकाळी एकटाच गेलो होतो. त्याची बायको, हिरावहिनी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या भावजी," आणि पान कातरत राहिल्या. मी सगळं सांगितलं. कात्री थांबली.

"ते काय म्हनले ते परत सांगा."

"जा भाईर, मी हाय की."

"आवाज कसा व्हता? भ्याल्यावानी?"

"न्हाई वहिनी. तुमी हाक मारल्यावर वो देत आसंल तसा."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "वर्सभर मी हेच इचार करतीया की त्यांनी हाका मारल्या आसतील आन पान्याच्या आवाजात कुनाला ऐकू गेल्या न्हाईत. वर्सभर गफूरभाईच्या दारावरनं तोंड फिरवून गेले." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "तुमी आता जावा."

मी गेलो. चार महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

एक सांगतो, कारण वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. खोटं बोललो म्हणून मी आजारी पडलो असं नाही. डॉक्टरांनी मला हे नीट समजावलं. खरं सांगितलं असतं तरी भोंगा लागलाच असता. नरसय्या काही खोटं बोलला नव्हता, तरी तो कॉटखाली जात होता. लपवल्यामुळं जखमेत माती जात राहिली, एवढंच. आणि सांगितल्यावर मी दुसऱ्या दिवशी बरा झालो असंही नाही. पुढचे सहा महिने तर जास्त वाईट गेले, फक्त मी ते एकट्यानं काढले नाहीत.

रविवारची माणसं

तिन्ही दारं झाल्यावर मी न्यायला गेलो आणि सुशीला पोरीला घेऊन परत आली. दुसऱ्याच रविवारी ती माझ्याबरोबर कारखान्यात आली आणि नरसय्याच्या आईजवळ बसली. म्हातारीला मराठी थोडं, हिला तेलुगू अजिबात नाही. पण मुलगा जेवताना ताट ठेवून पळतो हे सांगायला आणि समजायला दोघींना अडचण आली नाही. मग गफूरभाई बायकोला घेऊन आले. एक हवालदार यायला लागले, दुष्काळाच्या साली विहिरींतून प्रेतं काढायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांना पाणी पिताना तांब्यात बघवत नव्हतं. नातेपुत्याकडचे एक निवृत्त सुभेदार महिन्यातून एकदा एस्टीनं यायचे, कोपऱ्यात बसायचे, काही न बोलता परत जायचे. सातव्या खेपेला ते बोलले.

आमचे नियम साधे होते. ज्याला बोलायचं नाही त्याला कुणी बोलायला लावायचं नाही. कुणाचं दुःख मोठं हे ठरवायचं नाही. कुणी एक रविवार आला नाही तर दोघांनी त्याच्या घरी जायचं. हा तिसरा नियम माझ्यामुळं झाला.

सिस्टरची गोष्टही आम्ही उचलली. गल्लीत लग्नाची वरात असली, फटाके असले, की ज्याला आधी कळेल त्यानं बाकीच्यांना कळवायचं. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, तीत शोभेचं दारूकाम असतं, सगळं सोलापूर बघायला लोटतं. त्या संध्याकाळी आम्ही सगळे नरसय्याच्या घरी दारं लावून बसलो. पहिला बार झाला तेव्हा सुभेदारांनी हवालदारांचा हात धरला, हवालदारांनी माझा. बायकांनी आत मोठ्यानं जात्यावरच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली, मराठीत एक, तेलुगूत एक. शेवटचा बार होईपर्यंत कुणी उठलं नाही. नरसय्याच्या आईनं मग सगळ्यांना उपीट दिलं, आणि आम्ही ते दोनदा मागून घेतलं.

पाचव्या महिन्यात हिरावहिनी आल्या. माझ्याकडं न बघता बायकांत जाऊन बसल्या. जाताना सुशीलाला म्हणाल्या, "हाताला खोबरेल लावत जा, कातडी सैल हुती." त्या दिवसापासून त्या येतात.

पुन्हा आत

टेलिफोनचं वर्ष संपल्यावर साहेबांनी विचारलं, "बंबावर जाशील?" मी हो म्हणालो. दोन महिने किरकोळ वर्द्या झाल्या, गवताची गंज, कचरा. मग एका सकाळी तेलाच्या घाण्याला आग लागली. आत माणूस नव्हता, ते नीट विचारून घेतलं. मी आणि दुसरा एक फायरमन पाइप घेऊन शिरलो. धूर डोळ्यांवर आला आणि छाती बंद झाली. तीच जागा असल्यासारखं वाटलं.

मी मागं वळून जेवढ्या मोठ्यानं जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं, "मला भ्या वाटतंय. मला जमत न्हाई."

दाराशी उभ्या असलेल्या लीडिंग फायरमननं आधी आम्हा दोघांनाही मागं घेतलं. एकाला आत एकटं ठेवायचं नाही, हे आता पाळीत ठरलेलं होतं. माझ्या जागी दुसरा माणूस आला आणि दोघं परत आत गेले. गफूरभाई काट्यावरची नजर न काढता मला म्हणाले, "बैठ. पानी पी." मी बंबाच्या पायरीवर बसून दोन घोट घेतले. मग उठलो आणि आग विझेपर्यंत बाहेरून त्यांना पाइप सरकवून देत राहिलो. सगळे बाहेर आले. मला कुणी काही विचारलं नाही.

घरी गेलो तेव्हा सुशीला भाकरी थापत होती. चूल पेटलेली होती, रुक्मिणी तिच्याजवळ बसून पाढे लिहीत होती. मी पाटावर बसलो.

"कशी झाली आजची वर्दी?" तिनं विचारलं.

"भ्यालो."

तिनं भाकरी उलटली. "मग?"

"मग सांगितलं. दुसरा गेला."

"बरं केलं," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली.